आखाजीची चाल घंटांवर : ‘डिंगडाँग’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

घंटावाला
काल तापीकाठ यांची पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं म्हणून लांबलचक लिहितोय, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे जा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आमच्या नंदुरबारच्या चर्चमधल्या सहा पोरांनी नाताळच्या कार्यक्रमात हातमोजे घालून हातात धरायच्या घंटा वाजवल्या, त्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या ख्रिस्ती भजनाचं ‘डिंगडाँग’ झालं, आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) बाया झोक्यावर म्हणतात ती गौराईची चाल तर पार मेली, आणि ज्या वाद्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही त्यावर आपल्या चाली बसवूच नयेत.

तर साहेब, आधी आमच्याकडे काय आहे ते ऐका. एक निवृत्त मिशनरी बाई जाताना ठेवून गेल्या तो १३ घंटांचा संच. एका घंटेचा एकच सूर; पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत पांढरी एकपासून वरच्या पांढरी एकपर्यंत, काळ्यांसकट, बस. तिकडे अमेरिकेत दोन सप्तकांचा संच म्हटला तर २५ घंटा, तीनचा ३७, आणि वाजवायला दहा-बारा जण. आमच्याकडे सहा पोरं, प्रत्येकाच्या हातात दोन, तेरावी टेबलावरच्या फोमवर. गीतांच्या पुस्तकात एकाच वेळी गायचे चार वेगवेगळे आवाज लिहिलेले असतात, ते यात कोंबायचे कसे? नाहीच कोंबायचे. पहिल्या वर्षी मी तेच केलं, चारही आवाज उचलले, खालचे वर ढकलले, आणि जे काही वाजलं त्याला आमचे पाळकसाहेब ‘भांड्यांची मोरी’ म्हणाले. बरोबर म्हणाले.

घंटेत मूळ सुराबरोबर वरच्या सप्तकातला पंचमही घुमतो, इंग्लिश पद्धतीची घंटा मुद्दाम तशीच लावतात. म्हणून सा आणि प एकत्र वाजवले की तंबोऱ्यासारखं भरून येतं, आणि तीन-चार सूर जवळजवळ वाजवले की चिखल होतो. तेव्हापासून मी गाळायला शिकलो. चाल, खाली सा-प, आणि ओळ संपते तिथे एखादा जोड सूर. एवढंच.

आणि चाल कोणा एकाची नसतेच. एकाकडे सा-रे, दुसऱ्याकडे ग-म, एक ओळ सहा जणांच्या हातातून जाते. हे जमवायला चार महिने लागले. तुम्ही व्हिडिओ बघून अडीच मिनिटांत निकाल दिला.

तापीकाठ
वा. चार महिने लागले हा काही सुराचा पुरावा नाही. मी विचारलं काय आणि उत्तर काय. गौराईच्या त्या चालीत गंधार (ग) कोमल आहे, म्हणजे शुद्धपेक्षा अर्धा सूर खाली. आमची आई, मावशी, गल्लीतल्या सगळ्या बाया झोक्यावर तसाच लावायच्या. तुमच्या पोरांनी शुद्ध गंधार वाजवला! सासरी निघालेल्या पोरीचं गाणं वरातीसारखं हसत होतं. याला गाळणं म्हणतात का?

आणि मींडेचं काय? झोका वर जातो तसा सूर चढतो, घंटेवर तो जिना चढल्यासारखा चढतो.

आखाजीचा_झोका
मी कार्यक्रमाला होते. माझ्या शेजारी माझी सासू, वय ७८, शुद्ध अहिराणी. पहिली घंटा वाजली तशी म्हणाली, “माय वं, घंटा वाजाडतस का देऊळ उघाडतस?” सगळी रांग हसली. पण गौराई सुरू झाल्यावर तिने ओठ हलवायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत म्हटलं. गंधार कोणता ते मला कळत नाही, तिला मात्र गाणं ओळखू आलं.

पेटीमास्तर_धुळे
मींड नाही म्हणून वाद्य बाद करायचं असेल तर पेटीचं काय करायचं ते आधी सांगा. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीला बाहेर काढली, १९७१ पर्यंत बंदी. का? मींड नाही, श्रुती (सुरांमधले बारीक फरक) नाही, परदेशी आहे. आणि त्या तीस वर्षांत प्रत्येक कीर्तनात, प्रत्येक तमाशात, प्रत्येक चर्चमध्ये पेटीच वाजत होती. फ्रान्समधून आलेलं वाद्य आज इतकं आपलं झालंय, की भजनी मंडळात नसली तर लोक विचारतात मास्तर आजारी आहे का.

तापीकाठ
पेटीचा बचाव माझ्यासमोर करू नका. पेटीने बायांच्या गाण्याची वाट लावली हे माझं जुनं दुखणं आहे. आमच्या गावात श्रावणात कानबाईच्या (खानदेशातली देवी) रात्री बाया आपापल्या पट्टीत गायच्या, मग मंडळाने पेटी आणली आणि सगळ्यांना काळी चारमध्ये ओढलं. ज्या म्हाताऱ्यांचे गळे खाली होते त्या गप्प झाल्या. दोन श्रावणांत ओटा रिकामा.

पेटीमास्तर_धुळे
यात पेटीचा काय दोष? पट्टी बदलायला पेटीवर बोटं सरकवायची असतात. ज्याला एकच पट्टी येते त्याला पेटीवर बसवलंत ही तुमच्या मंडळाची चूक. मी ४१ वर्षं वाजवतोय, म्हाताऱ्या बाईचा गळा बघून मी पांढरी पाचमध्ये गेलोय, एकदा पांढरी दोनमध्येसुद्धा. पेटीवाला ऐकत नसेल तर तबला काय, टाळ काय, सगळंच वाईट.

रेल्वे_कॉलनी_भुसावळ
पेटी परवडली भो. आमच्याकडे कानबाईच्या विसर्जनाला डीजे. सोमवारी सकाळी १० वाजता काचा हादरतात. कुठला गंधार नि कुठलं काय. यावर कोणी पोस्ट टाकत नाही, सहा पोरांनी घंटा वाजवल्या की मात्र संस्कृती बुडते.

पेटीमास्तर_धुळे
डीजेचा विषय काढू नका, मला बीपीची गोळी चालू आहे. पण पेटीवर मी मागे हटणार नाही. तापीकाठ, तुम्ही कधी चांगला पेटीवाला ऐकलाय का? खरं सांगा.

तापीकाठ
ऐकलाय. वडील. म्हणूनच बोलतोय. गावात बत्ती गेली की वडील पेटी बंद करायचे आणि म्हणायचे आता गा. अंधारात बाया सुटायच्या. पेटीवाल्यालाच कळत होतं की पेटी आड येते.

पेटीमास्तर_धुळे
मग तुमचे वडील मोठे कलावंत होते, एवढंच म्हणतो. थांबतो.

तरुणसंघ_नवापूर
आमच्याकडे मावचीतली (इथली आदिवासी बोली) गीतं ढोलावर चालतात आणि चांगली चालतात, उपासना संपल्यावर ढोल गळ्यातून काढवत नाही. म्हणून नंदुरबारच्या मित्रांना थेट प्रश्न, घंटा कशाला? टिळकांनी अभंग-ओव्या रचल्या, आपल्या लोकांनी आपल्या चालीत प्रभूचं नाव घ्यावं म्हणून. साहेबांच्या चाली बाजूला ठेवायला एका माणसाने जन्म घातला आणि आपण पांढरे हातमोजे घालून परत तिकडेच. राग मानू नका.

घंटावाला
राग आलाच. हातमोजे साहेबासारखं दिसायला घालत नाही, घामाने धातूवर डाग पडतात म्हणून घालतो, आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये काय घाम येतो ते नवापूरच्या झाडीत बसून कळणार नाही. आणि घंटेचा धातू काय आहे? तांबं आणि कथील, साधारण चाराला एक. म्हणजे कासं. तुमच्या टाळाचा धातू. पंढरीच्या वाटेवर जे किणकिणतं तेच माझ्या पोरांच्या हातात आहे, फक्त त्याला मूठ आणि लोलक लावलाय.

टिळकांचं भजन बसवताना मी पहिलं कडवं घंटांना दिलंच नाही. ते माणसांनी म्हटलं, टाळावर. घंटा ध्रुवपदाला, तीही खाली सा-प. व्हिडिओ काढणाऱ्याने तेवढाच तुकडा टाकला.

तरुणसंघ_नवापूर
धातूचं पटलं. बाकीचं नाही. आम्ही ढोलच वाजवणार.

तापीकाठ
कासं वगैरे छान आहे, पण माझ्या गंधारावर कोणी बोलत नाहीये हे मी बघतोय. पेटी झाली, डीजे झाला, हातमोजे झाले. १३ घंटांत काळ्याही आहेत असं तुम्हीच लिहिलंत. मग कोमल गंधार होता की तुमच्याकडे! वाजवला का नाही? पाश्चात्त्य कानाला दुःखी चाल नाताळात चालत नाही म्हणून बदलली असेल तर तसं कबूल करा.

घंटावाला
कबूल करायला लावलंतच.

सा आम्ही पांढरी चारवर धरतो. कारण एकच सप्तक आहे, त्यात सा मध्ये ठेवला की खालचा पंचम पांढरी एकवर मिळतो आणि वरचा पंचम वरच्या पांढरी एकवर. आमच्या बायांच्या बहुतेक चाली या मापात बसतात, त्याच्या वर फार कोणी जात नाही. आता पांढरी चारचा कोमल गंधार कुठे येतो? काळी चारवर. आणि काळी चारची घंटा ऑक्टोबरपासून नाही.

हरवली नाही. वाजवणारा पोरगा सरावाला म्हणून घरी घेऊन गेला आणि दिवाळीनंतर कामाला सुरतला गेला, घंटा बॅगेत. कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी फोन केला तर म्हणतो काका, रूमवर सेफ आहे. मग सगळी चाल हलवून दुसरा सा धरला असता तर खालचा किंवा वरचा पंचम गेला असता आणि सहा जणांची सहा पानं परत शिकवावी लागली असती. शुद्ध गंधार लावला, कोणाला कळणार नाही म्हटलं. तुम्हाला कळला. झालं समाधान?

तापीकाठ
झालं. थोडं.

पण मग एवढं मोठं व्याख्यान देण्यापेक्षा पहिल्याच ओळीत ‘घंटा सुरतला आहे’ लिहिलं असतं तर आम्ही सगळे आज कामं करत असतो. आणि कोमल नसेल तर ती जागा मोकळी सोडायची होती, गंधारच गाळायचा होता. गाळायला शिकलो म्हणता ना? रे वरून थेट म वर जायचं. आमची मावशी दम लागला की तसंच करायची.

घंटावाला
रे वरून म. हे सुचलं नाही बुवा. (हे मनापासून लिहितोय, टोमणा नाही, आणि परत लिहिणार नाही.)

आखाजीचा_झोका
सासूला विचारलं. म्हणते दम लागला की आम्ही पण गाळायचो, त्यात काय.

रेल्वे_कॉलनी_भुसावळ
तो पोरगा सुरतला कुठे राहतो? माझा मेव्हणा उधन्याला आहे, दर शनिवारी गाडीने येतो, नंदुरबारला गाडी थांबतेच. मोज्यात गुंडाळून द्यायला सांगा, नाहीतर डब्यात रात्रभर वाजत बसेल आणि लोक चहावाला आला म्हणून उठतील.

घंटावाला
उधन्यालाच आहे. नंबर पर्सनलमध्ये पाठवतो. मूठ धरून आणा म्हणावं, धातूला हात लावू नका. आखाजीच्या आधी मिळाली तर गौराई परत बसवतो, कोमल गंधारासकट.

तापीकाठ
आखाजीला मी अमळनेरहून येतोय. आईला घेऊन येतो. तिला पुढची खुर्ची ठेवा, तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं.