शब्दचर्चा : ‘नो-क्लीन फ्लक्स’ला मराठीत काय म्हणावं?

खाडीकाठ : रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ आमचं छोटं वर्कशॉप आहे. ट्रॉलरवरचे वायरलेस, फिशफाइंडर दुरुस्त करतो, थोडे चार्जरचे बोर्डही जुळवतो. नव्या पोरांसाठी सूचना मराठीत लिहून भिंतीवर लावायच्यात. सोल्डरला डाख आहेच. अडलंय ‘नो-क्लीन’ (डाख दिल्यावर धुवावा लागत नाही असा फ्लक्स) आणि ‘कंटॅमिनेशन’ (बोर्डावर राहिलेला घातक मळ) यांपाशी. ‘संदूषण’ लिहिलं तर पोरं विचारतात, म्हणजे प्रदूषण का?

डाखवाला : आधी फ्लक्स. पुस्तकातला ‘अभिवाह’ दुकानात कुणाच्या तोंडी नाही. कल्हईवाल्याचा नवसागर, सोनाराचा टाकणखार, रेडिओवाल्याची राळ, तिघांचं काम एकच : धातूवरचा ऑक्साइड काढून डाख धरायला लावणं. पण नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. बोर्डावर राहिला तर तांबं खातो. ‘राळ’ लिहा म्हणणार होतो, पण आजच्या नो-क्लीनमध्ये राळ असेलच असं नाही, ॲडिपिक किंवा सक्सिनिक आम्लावरही भागवतात. ‘फ्लक्स’च ठेवा.

शब्दवेडी : नो-क्लीनला ‘न धुता चालणारा’. ‘न धुण्याचा’ अजिबात नको, धुवायला बंदी आहे असं वाटतं.

खाडीकाठ : आमच्याकडे तसंच समजतात! वर बाटलीतला फ्लक्स सढळ हाताने ओततात.

डाखवाला : मग शब्दाखाली एक ओळ हवी : ‘पूर्ण तापला तरच’. नीट तापला की त्यातलं आम्ल खर्ची पडतं किंवा उडून जातं, उरलंसुरलं कवचात बंद होतं. सोल्डरिंग आयर्नपासून लांब ओघळलेला फ्लक्स तापतच नाही, तो जिवंत राहतो. आणि धुवायचं तर धड धुवा. आयपीएचे (आयसोप्रोपिल अल्कोहोलचे) दोन थेंब टाकून टूथब्रश फिरवला की राळ विरघळून पसरते, अल्कोहोल उडून जातं, मागे पांढरा थर. मळ निघाला नाही, त्याने फक्त जागा बदलली. भरपूर आयपीए, ब्रश, मग ताज्या आयपीएने पुन्हा, आणि बोर्ड तिरका धरून निथळू द्यायचा. हे करताना शेजारी तापलेलं आयर्न नको, आयपीएची वाफ चटकन पेटते. पाण्यात विरघळणारा फ्लक्स असेल तर धुणं सक्तीचं, तेही आयनविरहित (क्षार काढून टाकलेल्या) पाण्याने. तुमच्याकडच्या खाऱ्या बोअरचं पाणी नको.

मालवणकाठ : पांढऱ्या थराला ‘लोणा’ म्हणा की, भिंतीला लागतो तो. आणि समुद्रावरून आलेल्या सेटला ‘खारो वारो लागलो’.

शब्दवेडी : खारा वारा बरोबर. ‘लोणा’ मात्र फसवेल. लोणा म्हणजे क्षार फुलून वर येणं. हा थर बरेचदा राळेचा असतो. शब्द चुकला तर उपायही चुकेल, कारण राळेला अल्कोहोल लागतं, मिठाला पाणी.

डाखवाला : अगदी. बोटीवरचा सेट आधी आयनविरहित पाण्याने, मग आयपीएने. आणि पूर्ण सुकल्याशिवाय करंट द्यायचा नाही.

मालवणकाठ : बरं, मग कंटॅमिनेशनला ‘पाघळणारा मळ’? पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाघळतं, ते इथल्या पोरांना सांगावं लागत नाही.

डाखवाला : हा घ्या, यात रसायनशास्त्रही आलं. शुद्ध मीठ साधारण 75 टक्के आर्द्रतेला पाणी धरतं, समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड 33 टक्क्यांच्या आसपासच. कोकणात कोरडा दिवस उरला कुठे? ओल, क्षार आणि व्होल्टेज एकत्र आले की धातूचे आयन बोर्डावरच्या एका तांब्याच्या पट्टीकडून दुसरीकडे सरकतात, धातूच्या फांद्या (डेंड्राइट) फुटतात, शॉर्ट होतो. ‘फांदी’च लिहा, ‘केस’ (व्हिस्कर) नको. केस शुद्ध कथिलातून कोरड्या हवेतही उगवतात, तो आजार निराळा.

शब्दवेडी : तापून बंदिस्त झालेला फ्लक्स पाघळणारा नाही, त्याला ‘मळ’ म्हणू नका. त्याला ‘अवशेष’ पुरे.

खाडीकाठ : पटलं. आता बोर्डावर ओल लागू नये म्हणून मारतात त्या कोटिंगला? ‘रोगण’ सुचलंय.

डाखवाला : आधी हे लिहा की मळावर कोटिंग मारायचं नाही. कोटिंगमधूनही पाण्याची वाफ आत जाते, खालचा क्षार पाणी ओढतो, फोड येतात.

शब्दवेडी : ‘रोगण’ म्हटलंत तर पोरं हार्डवेअरच्या दुकानातलं वार्निश आणतील. ‘लेप’ लिहा.