सिमेंटचा गिलावा नको, आणि वाड्याचा कागद वेगळा

उमरेडकडचा मालगुजारी (जुन्या जमीनदार घराण्याचा) वाडा, सोबत साडेतीन एकर शेती विकत घ्यायचा विचार करणाऱ्या एकाने 'भिंतींना सिमेंटचा गिलावा मारून घेऊ' असं लिहिलंय. तेवढं मात्र करू नका. माती-चुन्याची भिंत पायातून ओल ओढते आणि अंगावरून सोडते. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल वर चढते, पोपडे सुटतात, भिंतीत बसलेली तुळयांची टोकं कुजतात. चुन्याचाच गिलावा घ्या: 1 भाग चुना, 3 भाग वाळू, थर 10-12 मिमी, आठवडाभर ओलसर ठेवायचा.

तुळई भिंतीत शिरते तिथेच पेचकसाने टोचून पाहा. सहज आत गेला तर वाळवी किंवा कूज. तुळईचा मधला सागवान ठणठणीत असून उपयोग नाही.

भिंतीतल्या तिरप्या भेगा बहुधा पायाखालच्या काळ्या मातीमुळे; ती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. छपराचं पाणी पायापासून लांब काढा, मगच भेगा बुजवा.

वाडा गावठाणात असेल तर सातबाऱ्यावर दिसणार नाही. ग्रामपंचायतीचा नमुना 8 मिळेल, पण ती कर आकारणीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं मागा; मालगुजारी घराण्यांत वारस ढीगभर. शेतीला 1958 चा विदर्भ कूळकायदा लागतो, घेणारा शेतकरी नसेल तर आधी परवानगी. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसला तर इसार थांबवाच.