काटा अडलाय? थोडं थांबा
डाएटच्या पहिल्या दोन आठवड्यांत तीन किलो वजन उतरलं आणि मग काटा हलेचना म्हणताय, ते अगदी कॉमन आहे हो. सुरुवातीला जातं त्यात बरंचसं पाणीच असतं, एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे शरीरात साठवलेली साखर) साधारण ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं, ते गेलं की चरबी हळूहळूच जाते, त्यात वजन घटलं की शरीराला कॅलरीजही कमी लागतात म्हणजे तेच जेवण आता जास्त होतं. आणि चतुर्थी-एकादशीचे उपास डाएटमध्ये धरू नका प्लीज!! साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, वर दाण्याचं कूट नि तूप... त्यापेक्षा मटकीची उसळ बरी. रोज काटाही बघू नका, आदल्या रात्री पापड-लोणचं जास्त झालं तरी मिठामुळे पाणी साठून सकाळी वजन वाढलेलं दिसतं, टेपने कंबर मोजा.