मदत हवी आहे: अगत्ती ते पोर्ट ब्लेअर, खरे किती तास?

मंडळी, बाबांनी पेचात टाकलंय. वय ७४, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि एकाच सुट्टीत लक्षद्वीप आणि अंदमान दोन्ही करायचा हट्ट. सेल्युलर जेल पाहायचंच आहे. नेटवर कुठेतरी त्यांना सापडलं: लक्षद्वीपमधलं अगत्ती ते पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्रीविजयपुरम, २,२४२ किमी, ३ तास १८ मिनिटं. झालं! डायरीत लिहूनही टाकलं, 'नाश्ता अगत्ती, जेवण अंदमान'.

मला आधी अंतरच पटेना. लेकीच्या ३० सेंमी व्यासाच्या पृथ्वीगोलावर शिवणाचा दोरा ताणून पाहिला. सव्वापाच सेंमी भरला, म्हणजे सव्वादोन हजार किमी. अंतर बरोबर निघालं आणि बाबा आणखीनच हवेत. पण थेट विमान तर कुठेच दिसत नाही. कसं जमवायचं? मुक्काम कुठे करावा?

– नौपाडाकर

वाशीकर: ताई, अंतर खरं, वेळ कागदावरची. २,२४२ ला ८०० ने, म्हणजे जेट विमानाच्या ताशी वेगाने भागा, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास घाला, बरोब्बर ३ तास १८ मिनिटं येतात. त्या हिशेबाला धावपट्टी ठाऊक नसते. अगत्तीची जेमतेम १,२०० मीटर, तिथे एटीआरसारखी पंख्याची विमानं उतरतात. ताशी ५०० च्या आसपास वेग. आणि भरलेलं एटीआर साधारण दीड हजार किमी जातं, म्हणजे थेट निघालंच तर बाबा बंगालच्या उपसागरात जेवणार!

गंमत पुढे आहे. अगत्ती-कोची सुमारे ४७०, कोची-चेन्नई ५२०, चेन्नई-पोर्ट ब्लेअर १,३७०. बेरीज २,३६०. वळसा अवघा सव्वाशे किमीचा. हवेत एकूण पाच तासांच्या आतबाहेर. दिवस खातात ते मधले थांबे, आणि गुडघ्यालाही तेच जड जाणार. एका दिवसात करू नका. मुंबईहून कोचीला जा, तिथून अगत्ती, परत कोचीला एक रात्र, मग चेन्नईमार्गे पुढे.

घोडबंदरवाला: तिकिटांआधी लक्षद्वीपचा परवाना काढा, आपल्यालाही लागतो. पोर्ट ब्लेअरला नाही लागत. आणि एक, घड्याळ दोन्हीकडे सारखंच, पण सूर्य अंदमानात जवळपास सव्वा तास आधी मावळतो. संध्याकाळचं फिरणं लवकर उरका.

नौपाडाकर: वाशीकर, तुमचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. उपसागराच्या वाक्याला बाबा हसले नाहीत. पण मघाशी डायरी पाहिली, 'जेवण अंदमान' खोडून 'मुक्काम कोची' केलंय. कोची विमानतळाजवळ लिफ्ट आणि कमोड असलेली साधी खोली कुणाच्या माहितीत आहे का?