मोल्सवर्थ या आडनावात 'मोल' नसेल, तर मग काय आहे?

पेन्सिल_कानावर:

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचं १९७५ सालचं पुनर्मुद्रण आहे. वडील छापखान्यात मुद्रितं तपासायचे. जेवताना एखाद्या शब्दावरून वाद निघाला की म्हणायचे, "जा, मोल्सवर्थला विचारून ये." जणू गृहस्थ पलीकडच्या आळीत राहतो. हात धुऊन, पुसून मगच कोशाला हात लावायचा, हा घरचा नियम. त्यांचा एक ठरलेला विनोद होता: मोल म्हणजे किंमत आणि वर्थ म्हणजेही किंमत. ज्याच्या आडनावातच आधी मराठी शब्द आणि पुढे त्याचा इंग्रजी अर्थ, त्यानं कोश नाही करायचा तर काय किराणा विकायचा?

हा विनोद मी पुढे चाळीस वर्षं स्वतःचा म्हणून खपवला. परवा नातीनं (इयत्ता आठवी) अडवलं. "आबा, इंग्लंडातल्या माणसाच्या आडनावात मराठी शब्द कसा येईल? मोल म्हणजे तो जमीन पोखरणारा प्राणी." बरं, पोखरणाऱ्या प्राण्याची किंमत हे तरी काय आडनाव झालं?

माणसाबद्दल थोडंफार माहीत आहे. कॅप्टन जेम्स थॉमस मोल्सवर्थ, कंपनी सरकारच्या मुंबईच्या फौजेतले. पंडितांना आणि कँडी या जुळ्या भावांना सोबत घेऊन १८३१ मध्ये त्यांनी कोश पुरा केला. आपण वापरतो ती साठेक हजार शब्दांची दुसरी आवृत्ती १८५७ ची. इकडची मंडळी त्यांना मोलेसरशास्त्री म्हणत. पण या आडनावाचा अर्थ काय आणि हे घराणं मूळ कुठलं? एका संकेतस्थळावर 'मोल्सवर्थ कुलचिन्हा'चा मग विकायला दिसला, नातीच्या वाढदिवसाला मागवावा म्हणतो. खरं असतं का ते चिन्ह?

फोंड्याचो_भुरगो:

आमच्याकडे गोव्यात घाटाच्या पायथ्याशी, अभयारण्याच्या तोंडावर मोले नावाचं गाव आहे. मोलेसर म्हणजे मोल्याचे कोणी सर, असं मी कॉलेजात जाईपर्यंत समजत होतो. जाणकार येईपर्यंत एवढ्यावर भागवा.

ए१४_वरचा_प्रवासी:

काका, फोंडेकरांना हसू नका. ते उत्तराच्या फार जवळ आहेत. हे गावाचंच नाव आहे.

मी केटरिंगला राहतो, कामाला केंब्रिजच्या बाजूला जातो. ए-१४ या रस्त्यावर थ्रॅप्स्टन मागे पडलं की पुढे मोल्सवर्थची पाटी लागते. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी गाडीत "अगं, कोश!" म्हणून ओरडलो. बायकोला वाटलं, काहीतरी आडवं आलं. पुढच्या रविवारी मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. थोडीशी घरं, एक जुनं दगडी चर्च, भोवती शेतं. दुकान दिसलं नाही, चहा तर दूरच. पूर्वी हा हंटिंग्डनशर परगणा, आता केंब्रिजशर. पंचायतसुद्धा शेजारच्या ब्रिंग्टनबरोबर सामाईक.

१०८६ मध्ये विल्यम राजानं सगळ्या मुलखाची जमीनझाडती करवली, ते डूम्सडे बुक. त्यात हे गाव 'मोलेसवर्दे' असं नोंदलंय. म्हणजे आपल्याकडची जुनी माणसं 'मोलेसवर्थ' म्हणतात तो उच्चार अडाणी नाही. मधला 'ए' तेव्हा खरोखर उच्चारत असत. आता इथले लोक 'मोल्झवर्थ' म्हणतात, झाडातला झ.

आता अर्थ. 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली जागा, कोणाची तरी मळी किंवा आवार. मधला 'एस' म्हणजे आपला षष्ठीचा 'चा-ची-चे'. राहिला 'मोल'. तो ज्या माणसाची ही जागा होती त्याच्या नावाचा झिजलेला अवशेष आहे, आणि ते नाव होतं 'मूल'. दीर्घ ऊ, अगदी आपलं पोर या अर्थाचं मूल म्हणतो तसंच. पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ खेचर!

माणसाला खेचर कोण म्हणेल? म्हणायचे. केंट आणि वेसेक्स ही तेव्हाची इंग्लंडातली दोन छोटी राज्यं. केंटच्या गादीवर याच नावाचा एक राजा बसला होता. वेसेक्सच्या कॅडवालानं केंट जिंकून तिथे आपल्या भावाला, मूलला, बसवलं. ६८७ मध्ये केंटच्या लोकांनी त्याला बारा जणांसकट जाळून मारलं. पुढे ६९४ मध्ये त्याच्या खुनाची भरपाई म्हणून केंटला वेसेक्सच्या राजाला मोठी रक्कम मोजावी लागली. कॅडवाला हे नाव वेल्श वळणाचं आहे. त्यामुळे या भावांची आई ब्रिटन लोकांतली, म्हणजे इंग्रजांच्या आधीपासून तिथे राहणाऱ्यांतली असावी आणि मिश्र रक्तावरून हे टोपणनाव पडलं असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. आमच्या गावचा मूल हा राजा नव्हे, कोणी साधा शेतकरी असणार. नाव तेवढं तेच.

तर काका, मूलची वाडी ती मोल्सवर्थ. तिथला माणूस तो मूलवाडीकर. आणि गंमत म्हणून तुमच्या कोशात 'वाडी' काढून बघा, पहिला अर्थ काय दिलाय ते.

निवृत्त_बाई:

ए१४ भाऊ, छान लिहिलंत. मी सांगलीत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे शेपूट जोडल्याशिवाय राहवत नाही.

किंमत या अर्थाचा 'वर्थ' आणि कुंपणाचा 'वर्थ' हे दोन वेगळे शब्द आहेत. झिजून झिजून सारखे दिसायला लागले, एवढंच. कुंपणवाला वर्थ इंग्लंडच्या नकाशावर पेरलेला आहे. वाँड्सवर्थ, रिकमन्सवर्थ, हीथ्रो विमानतळाला खेटून असलेलं हार्मंड्सवर्थ. बहुतेकांच्या पुढे जमीनमालकाचं नाव. केनिलवर्थ मला विशेष आवडतं, कारण ते बाईच्या नावाचं आहे, कोण्या किनेहिल्डचं. आणि बटरवर्थ म्हणजे चांगलं लोणी निघायचं ती जागा! आपल्याकडे असं गाव असतं तर लोणीकरांशी सोयरीक जमली असती.

नातीला सांगा, प्राण्याचा तर्क चांगला होता, पण 'मोल' हा प्राण्याचा शब्द इंग्रजीत साधारण चौदाव्या शतकापासून दिसतो. गाव त्याच्या तीनशे वर्षं आधी दप्तरात चढलेलं.

आणि वडिलांच्या विनोदाचं वाईट वाटून घेऊ नका. कवी वर्ड्सवर्थवरही पोरं दर वर्षी हाच विनोद करायची, शब्दांचं मोल जाणणारा म्हणून. ते आडनावही यॉर्कशरातल्या वॉड्सवर्थ गावावरून आलंय. त्यात 'वर्ड' नाहीच. कवीच्या नावात शब्द नाही, कोशकाराच्या नावात मोल नाही.

'मूलवाडीकर'बद्दल मात्र एक बारीक हरकत. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोणी लावत नाही. साताऱ्यात कोण कोणाला सातारकर म्हणतं? माणूस बाहेर पडला की दुसऱ्या गावचे लोक त्याला त्या नावानं ओळखतात. इंग्लंडातही तसंच. आधी 'डी' लागायचा, फ्रेंच पद्धतीचा, कारण दप्तर लिहिणारे नॉर्मन, म्हणजे फ्रान्समधून आलेल्या राज्यकर्त्यांच्या वळणाचे. वॉल्टर डी मोल्सवर्थ नावाचे सरदार १३०० च्या आसपास बेडफर्डशर आणि बकिंगहॅमशरचे शेरीफ, म्हणजे राजाचे परगण्यातले अंमलदार होते. घराण्याची वंशावळ त्यांच्यापासूनच सांगतात. पुढे 'डी' गळाला आणि १४०० च्या सुमारास बहुतेक इंग्रज कुळांची आडनावं बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. त्याआधी एकाच घरातल्या दोन भावांना दोन नावं असणं अगदी चालायचं.

शिक्क्यांचा_नादी:

काका, तो कुलचिन्हाचा मग मागवू नका. पैसे वाचवा. इंग्लंडात कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं. १४८४ पासून लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सचं हेच काम. मोल्सवर्थ आडनावाचा कोणीही उठून ते वापरू शकत नाही. तुमची नात तर नाहीच नाही. चहा मात्र त्यात तितकाच गोड लागेल.

खऱ्या घराण्यांत दोन ठळक. एक कॉर्नवॉलचं: एलिझाबेथ राणीच्या काळात तिकडच्या जहागिरीचा हिशेब तपासायला गेलेल्या जॉन मोल्सवर्थनी पेनकॅरो इथे बस्तान बसवलं. हिशेबनीस गेला आणि जमीनदार झाला, हे आपल्याला काही नवं नाही. त्यांच्या कुळातल्या हेंडरना १६८९ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब दिला, ते जमैकाचे गव्हर्नर होते. पुढचे सर विल्यम मोल्सवर्थ १८५५ मध्ये वसाहतमंत्री झाले आणि त्याच वर्षी ४५ व्या वर्षी वारले. त्यांनी पेनकॅरोला चिलीमधलं एक काटेरी झाड लावलं होतं. ते पाहून एक पाहुणा म्हणाला की यावर चढायचं कसं, हे माकडालाही कोडंच पडेल. म्हणून त्या झाडाला आजही मंकी पझल म्हणतात, अशी कथा सांगतात.

दुसरं आयर्लंडचं. रॉबर्ट मोल्सवर्थ डेन्मार्कला राजदूत म्हणून गेले, परत येऊन तिथल्या राजाच्या मनमानीवर असं पुस्तक लिहिलं की डॅनिश दरबार भडकला. १७१६ मध्ये ते व्हायकाउंट, म्हणजे उमराव झाले. डब्लिनची मोल्सवर्थ स्ट्रीट याच घराण्याची. त्यांचा मुलगा रिचर्ड १७०६ मध्ये रामिलीच्या लढाईत इंग्रज सेनापती मार्लबरोचा हुजऱ्या होता. सेनापती घोड्यावरून खाली आला, शत्रूचे स्वार अंगावर, तेव्हा या पोरानं आपला घोडा त्याला दिला. नाव खेचराचं, कीर्ती घोड्याची!

ए१४_वरचा_प्रवासी:

बाई, हरकत मान्य. पाटीवरून जाणारा मीच त्या गावाला ओळखतो, गाववाले मला नाही.

एक राहिलं. इथे गावाचं नाव काढलं की साठीच्या पुढच्या लोकांना कोश नाही, क्षेपणास्त्रं आठवतात. गावाला लागून हवाई दलाचा तळ आहे. तिथे अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायची ठरल्यावर शांतिवाद्यांनी शेतात तंबू ठोकले. फेब्रुवारी १९८५ मध्ये संरक्षणमंत्री हेझल्टाइन लष्करी जाकीट चढवून हजारावर सैनिकांनिशी त्यांना हटवायला आले आणि रातोरात तळाभोवती तारेचं कुंपण पडलं.

फोंड्याचो_भुरगो:

म्हणजे 'वर्थ' झाला की परत!

पेन्सिल_कानावर:

मंडळी, तुम्हा सगळ्यांचे आभार. कालची संध्याकाळ याच्यात गेली.

'वाडी' काढलं. पहिला अर्थ कुंपण घातलेली शेताची किंवा बागेची जागा, वस्ती हा अर्थ त्याच्यानंतर. म्हणजे शास्त्रीबुवांनी स्वतःच्या आडनावाचं भाषांतर स्वतःच्याच कोशात करून ठेवलंय. लिहिताना त्यांच्या लक्षात आलं असेल का, हे आता कोणाला विचारणार?

नात खूश आहे. तिला मोल, वर्थ, शेरीफ कशातच रस नाही, खेचर तेवढं लक्षात राहिलंय. काल रात्री जेवताना 'अजागळ' शब्दावरून वाद निघाला तर म्हणाली, "आबा, खेचरवाडीकरांना विचारून येते." हात न धुता उठली होती. परत पाठवलं.

मगाचे पैसे वाचलेत, त्यात कोशाची बांधणी नवी करून घेतो. 'प'पासून पुढची पानं सुटायला लागली आहेत. शिवून बांधणारा कोणी अजून असेल तर कळवा, नुसता गोंद लावणारा नको.