गोकाकच्या धबधब्याचे पाणी पांढरेच दिसायला हवे का?

शहापूरकर:
प्रवास-छायाचित्रांच्या एका स्पर्धेसाठी मी जुलैमधला गोकाकचा धबधबा पाठवला होता. निवड झाली नाही, याबद्दल तक्रार नाही. परंतु परीक्षकांनी सोबत पाठवलेला अभिप्राय मला पटलेला नाही. त्यांच्या मते पाणी गढूळ दिसते, म्हणून व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगानुसार छायाचित्रातील रंगांचा समतोल) सुधारून ते पांढरे करायला हवे होते, आणि डाव्या कडेची गिरणीची इमारत निसर्गदृश्यात खुपते, म्हणून ती क्रॉप करावी. घटप्रभा सह्याद्रीपासून माती घेऊन येते आणि इथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. पावसाळ्यात ते पाणी तांबूसच असते, हे आपल्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. गिरणीचे म्हणाल, तर याच पाण्यावर १८८७ साली वीज तयार झाली. ती वगळल्यावर हा धबधबा गोकाकचाच कशावरून? प्रवासाच्या छायाचित्रात स्थळ ओळखू येते का, हे सौंदर्याच्या आधी तपासले पाहिजे, असे माझे मत आहे.

खानापूरकर:
पाण्याविषयी आपण म्हणता ते खरे आहे, पण आपले छायाचित्र ते सिद्ध करत नाही. त्यात पाण्यासारखेच ढगही तांबूस आहेत आणि झुलत्या पुलावर उभ्या असलेल्या गृहस्थांचा पांढरा सदराही तांबूस आहे. माती नदीत असते, ढगांत नसते. ही संपूर्ण चौकटीवर चढलेली छटा आहे. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न झालेली मूळ नोंद, असेल, तर ढगाच्या करड्या भागावरून व्हाइट बॅलन्स ठरवून पाहा. पाणी तरीही गढूळच राहील आणि मग ते खऱ्या अर्थाने घटप्रभेचे असेल. परीक्षकांनी उपाय चुकीचा सुचवला, दोष मात्र अचूक हेरला, आणि उपाय पटत नाही म्हणून निदानही नाकारणे मला योग्य वाटत नाही. गिरणीही कडेला अर्धीच आली आहे. तिचे महत्त्व इतके असेल, तर ती पुरती घ्यायला हवी होती.

निपाणीकर:
खानापूरकर, गिरणीबद्दल मी सहमत आहे, पण परीक्षकांना आपण फार सहज सोडता. ‘पाणी पांढरे करा’ हा सल्ला दोष दाखवणारा नाही. तो पर्यटन खात्याच्या भित्तिपत्रकाची आवड स्पर्धकावर लादणारा आहे. २०१६ मध्ये प्रख्यात अमेरिकी छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांच्या छायाचित्रांत फेरफार झाल्याचे उघड झाले, तेव्हा केवढा वाद उसळला होता! व्हाइट बॅलन्स सुधारणे त्या प्रकारात बसत नाही, हे मला मान्य आहे, तथापि तो मुद्दाम नदी खोटी दिसेल इतका वळवला, तर फरक फक्त अंशाचा उरतो. परीक्षकांनी त्या ठिकाणी पावसाळ्यात पाणी कसे असते, एवढे विचारले असते तरी पुरे होते.

शहापूरकर:
निपाणीकरांचे आभार. खानापूरकर, ढगांचा रंग उतरत्या उन्हाचा आहे. पश्चिमेकडे ढग फाटले होते आणि ते ऊन सदऱ्यावरही पडले होते. ते काढून टाकले, तर ती वेळच पुसली जाईल. इमारत पुरती घ्यायला मागे सरकावे लागले असते आणि तिथे कठडा होता.

खानापूरकर:
उतरते ऊन असते, तर उन्हातला भाग पिवळसर आणि कड्याच्या सावलीतला खडक त्या मानाने निळसर दिसला असता. आपल्या छायाचित्रात सावलीही तितकीच तांबूस आहे, म्हणून माझा संशय कायम आहे. निपाणीकरांच्या प्रश्नाचे म्हणाल, तर परीक्षकांनी गोकाक पाहिलेले असावे, ही अपेक्षा मी ठेवणार नाही. त्यांच्यापुढे फक्त चौकट असते आणि पाणी खरोखरच तांबूस होते, हे त्या चौकटीनेच सांगायचे असते. कठड्याची अडचण समजू शकतो, पण अधिक रुंद कोनाची लेन्स लावता आली असती, किंवा उभ्याऐवजी आडवी चौकट घेता आली असती. आपण मूळ रॉ फाइल कोणताही बदल न करता दाखवावी. सावलीचा रंग तिच्यात वेगळा निघाला, तर परीक्षकांविरुद्ध आपल्या बाजूने मीच लिहीन.