'कोविड गेला, आता मनाचे लाड' म्हणणाऱ्यांना

गोदाकाठ: काल द्राक्षवाला यांनी लिहिलं, "कोविडमधून उठलेल्यांना मानसोपचार कशाला? कामाला जुंपा, आपोआप सरळ होतात." उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझा थोरला भाऊ नाशिकला अंबडच्या कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. दुसऱ्या लाटेत आयसीयूत होता. घरी आल्यावर ऑक्सिमीटर हातातून सुटेना. 97 दाखवलं की बोट बदलून पुन्हा बघायचा. आडवं पडलं की गुदमरतं म्हणून रात्र खुर्चीत काढायची. छातीचा सीटी स्कॅन स्वच्छ. हा कामचुकार?

2021 मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त 2,36,379 रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास आला. सहा महिन्यांत साधारण 34 टक्क्यांना मेंदूचा किंवा मनाचा काही ना काही आजार निदान झाला. भावाच्या डिस्चार्ज कार्डावर काय होतं? व्हिटॅमिन सी आणि झिंक.

द्राक्षवाला: त्या नोंदी बहुतेक अमेरिकेतल्या. पिंपळगावला लावू नका. कोविड मलाही झाला होता. द्राक्षबागेची खरड छाटणी तोंडावर, मजूर मिळेनात, रडायला सवड कोणाला होती? तुमच्या भावाला पगारी रजा होती, एवढाच फरक.

गोदाकाठ: पगारी? अर्ध्या पगारावर होता. माहीत नसताना तोंड उघडू नये.

सातपूरची सिस्टर: भांडा, पण एक ऐका. कोविडमध्ये देतात ते डेक्सा, म्हणजे स्टेरॉइड, चालू असताना झोप उडते, माणूस चिडतो, कधी भलतंच बरळतो. ते औषधाचं, बंद झाल्यावर बहुतेकांचं ओसरतं. आयसीयूत फार दिवस काढलेल्यांची भीती आणि विसरभोळेपणा वेगळा. तो कोविडच्या आधीपासून डॉक्टरांना माहीत आहे, फक्त घरच्यांना कोणी सांगत नाही. 21 एप्रिल 2021 ला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, तेव्हा मी दुसरीकडे ड्युटीला होते. वॉर्डातले पेशंट मोबाईलवर बातमी बघत आपापली नळी चाचपत होते. त्यांना छाटणीला पाठवू?

पंचवटीकर: सगळं मान्य, पण जायचं कोणाकडे? वडील कोविडमध्ये गेले, आई आजारातून उठली पण बोलेना. गंगापूर रोडला पाटी बघून नेलं. हजार रुपये घेऊन त्या बाई म्हणाल्या, रोज झोपताना तीन चांगल्या गोष्टी लिहा. अहो, वडील जाऊन महिनाही झाला नव्हता! मग कळलं, ऑनलाइन कोर्स करून बसल्यात.

सिडकोचा वकील: क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते. नंबर मागायचा.

पंचवटीकर: आईला धरून उभा होतो, तेव्हा नंबर मागू? कोर्टात बसून सल्ले सोपे असतात.

सिडकोचा वकील: नुसती 'काउन्सेलर' पाटी लावणाऱ्याला विचारणारं कोणी नाही, हे खरं. पण तुम्ही एमडी सायकियाट्रिस्ट सोडून पाटी बघून गेलात, त्याला कायदा काय करणार? आणि मेडिक्लेमचं म्हणाल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 21(4) मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखाच विमा द्यायला सांगतं. पण बहुतेक पॉलिसी ओपीडीचा खर्च देतच नाहीत, मग इथे देणार कुठून?

पंचवटीकर: सायकियाट्रिस्टचं नाव काढलं की आई म्हणायची, मी वेडी आहे का? आता यालाही कलम सांगा.

द्राक्षवाला: हेच मी कालपासून म्हणतोय, सगळा धंदा आहे.

गोदाकाठ: काल तुम्ही धंद्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आजारी माणसांना आळशी म्हणालात.

सातपूरची सिस्टर: सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढायचा. तिथे कोणी बघेल अशी लाज वाटत असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

द्राक्षवाला: नंबर बायकोला देतो. तिच्या मते कोविडनंतर मी फार चिडका झालोय. होऊ द्या तिची खात्री.

गोदाकाठ: वहिनींना आमचा पाठिंबा आहे म्हणून सांगा.

पंचवटीकर: माझ्या हजार रुपयांचं बोला. वकीलसाहेब, ग्राहक मंचात चालेल का? पावती नाहीये.